जानेवारीतलं तळं बघून घर विकू नका

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी मूळची डोंबिवलीची. ३१ व्या वर्षी बँकेतली नोकरी सोडून ह्यांच्यामागे न्यू जर्सीला आले, त्याला आता ३३ वर्षं झाली. यजमान ६८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी त्यांना एक स्टेंट बसवला. या जानेवारीत आम्ही मेक्सिकोत चपाला तळ्याकाठच्या आहिहिक गावी तीन आठवडे राहून आलो. तुम्ही तिथेच राहता हे तुमच्या सदरातून माहीत होतं, म्हणून हे पत्र. परत आल्यापासून ह्यांच्या तोंडी दुसरा विषय नाही. इथलं घर विकायचं, तिथे छोटं घर घ्यायचं, बर्फ उपसणं नको आणि प्रॉपर्टी टॅक्स नको. गाव मलाही आवडलं. पण इथे माझी शनिवारची मराठी शाळा आहे, मंडळ आहे, भजनाच्या बायका आहेत. मुलगा सिअ‍ॅटलला, नातू दोन वर्षांचा. आई ८८ वर्षांची, डोंबिवलीला भावाकडे. ह्यांनी नागरिकत्व घेतलंय, मी अजून भारताच्या पासपोर्टवर आणि ग्रीन कार्डावर आहे. ‘नाही’ म्हटलं तर उतारवयातला त्यांचा आनंद मी हिरावून घेतेय असं वाटतं, आणि ‘हो’ म्हणायला जीभ रेटत नाही. मी स्वार्थी आहे का?

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही स्वार्थी नाही. ३१ व्या वर्षी कायमची नोकरी सोडून, दोन बॅगा घेऊन निघालात, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नसेल आणि तुम्हीही स्वतःला विचारलं नसेल. त्या काळी तशीच रीत होती. आता विचारावंसं वाटतंय, ते बरंच झालं. तुमच्या यजमानांचंही काही चुकतंय असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं राबलेल्या माणसाला तळ्याकाठी खुर्ची टाकून बसावंसं वाटलं, तर ती इच्छा खरी आहे. मला खोट दिसते ती एकाच ठिकाणी. त्यांनी जानेवारीतलं तळं पाहिलंय आणि त्यावर जन्माचं घर विकायला निघालेत.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी नेमकं हेच केलं. टेक्सासातलं घर विकलं आणि इथे आलो. चौथ्या वर्षी माझे यजमान गेले. मी इथेच राहिले आणि आजही या गावावर माझा जीव आहे. म्हणून हे पत्र जरा लांबेल. घाई करू नका.

जानेवारीत तुम्ही काय पाहिलंत ते मी इथे बसून सांगू शकते. दुपारी स्वेटर काढावा आणि संध्याकाळी घालावा अशी हवा. मालेकॉनवर, म्हणजे तळ्याकाठच्या फरसबंद वाटेवर, फिरणारी माणसं. पाण्यावर उत्तरेकडून आलेले पांढरे पेलिकन. भिंतींवर बोगनवेल. जवळजवळ प्रत्येक उपाहारगृहात इंग्रजी बोलणारा कुणीतरी. हे सगळं खरं आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडं उंच, त्यामुळे वर्षभर हवा सौम्यच असते. पण मार्च उलटला की पेलिकन उत्तरेला जातात, आणि त्यांच्यासारखीच थंडीपुरती आलेली अमेरिकन-कॅनेडियन माणसंही जातात. तुमच्या यजमानांची जानेवारीत ज्यांच्याशी मैत्री झाली असेल, त्यातले बरेच जण एप्रिलमध्ये गावात नसतील.

एप्रिल-मे वेगळे असतात. गावामागचे डोंगर तांबूस-करडे पडतात, कधी वणवे लागतात आणि धूर खाली उतरतो. दुपारी ऊन रणरणतं. तळं मागे सरकतं, कारण चपाला हे मेक्सिकोतलं सगळ्यांत मोठं तळं असलं, लांबी सुमारे ८० किलोमीटर असली, तरी ते उथळ आहे. सरासरी चार-पाच मीटर पाणी. वर गुआदालाहारा शहर आपलं निम्म्याहून अधिक पाणी इथूनच घेतं. पाणी उतरलं की काठाला चिखल आणि जलपर्णी. पुण्यातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला नको. मग मे महिन्यात झाडाझाडांवर चिचार्रा ओरडू लागतात. हे एक प्रकारचे रातकिडे, पण भर दिवसा ओरडणारे, आणि आवाज असा की फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. गावातली माणसं म्हणतात, हे ओरडले की पाऊस जवळ आला. आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, तसंच. जूनच्या मध्यावर पाऊस येतो, बहुतेक रात्रीच पडतो, गडगडाट करून. सकाळी उठावं तर डोंगर धुऊन काढलेले. मला विचाराल तर हे गाव खरं सुंदर दिसतं ते जुलैमध्ये, आणि पर्यटकांपैकी फार थोडे ते पाहतात.

‘शांत गाव’ हा शब्द तुमच्या पत्रात नाही, पण यजमानांच्या मनात असणार. इथे मोटारींचा गोंगाट कमी आहे हे खरं. पण पहाटे पाचला आकाशात कोहेते, म्हणजे आपटबारासारखे बाण, फुटतात. एखाद्या संताचा उत्सव असला की देवळाच्या घंटा, बँडबाजा, कोंबडे आणि गच्चीगच्चीवरचे कुत्रे, सगळे एकदम. गावाचा ग्रामदेव म्हणावा असा संत आंद्रेस. त्याची जत्रा नोव्हेंबरच्या शेवटी नऊ दिवस चालते, आणि ३० नोव्हेंबरला चौकात बांबूचा उंच मनोरा उभारून त्यावरची शोभेची दारू पेटवतात. मला ते आवडतं. लहानपणी गणपतीच्या मिरवणुकीत झोप मोडलेल्या माणसाला ते आपलंच वाटतं. पण स्टेंट बसवलेल्या आणि झोप हलकी असलेल्या माणसाने ती नऊ दिवसांची जत्रा एकदा अंगावर घेऊन बघावी, मग ठरवावं.

आता तुमच्या ग्रीन कार्डाबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं तेच वाक्य वाचून मी दचकले. यजमान नागरिक आहेत. ते दहा वर्षं मेक्सिकोत राहिले तरी अमेरिकेचं दार त्यांना उघडं आहे. तुम्हाला नाही. ग्रीन कार्डावर असलेलं माणूस सलग वर्षाहून जास्त अमेरिकेबाहेर राहिलं, आणि जाण्याआधी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, घेतलेलं नसलं, तर ते कार्ड गेल्यात जमा. वर्षाच्या आत ये-जा करत राहिलात तरी ‘हिचं खरं घर आता इकडे नाही’ असं विमानतळावरच्या अधिकाऱ्याला वाटलं तर तो हरकत घेऊ शकतो. आणि एकदा का ते कार्ड गेलं, की भारतीय पासपोर्टवर सिअ‍ॅटलच्या नातवाला भेटायलाही व्हिसा लागेल. मेक्सिकोतून मुंबईला थेट विमान नाही. अमेरिकेतून विमान बदलून जायचं म्हटलं, तर नुसतं तिथे उतरायलाही भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. आईचा फोन आला आणि त्या रात्री निघायचं असलं, तर ही अडचण डोळ्यांसमोर आणा.

म्हणून मेक्सिकोला कायमचं जाण्याचा विषय तुमचं नागरिकत्व होईपर्यंत बाजूला ठेवायचा, असं यजमानांना स्पष्ट सांगा. ३३ वर्षं तुम्ही तो निळा पासपोर्ट जपलात, त्यामागे काय आहे ते मला कळतं. मी स्वतः तो परत करताना रडले होते. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड मिळेल, त्यावर भारतात आयुष्यभर जाता येईल. गावाकडची वडिलोपार्जित जमीन वारसाने तुमच्याकडे राहू शकते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पण ओसीआय हाती यायला वेळ लागतो, आईचं वय बघून तो हिशेब करा. आणि हे सगळं मन मारून, केवळ ह्यांच्या तळ्यासाठी करावं लागणार असेल, तर तेही त्यांना ठाऊक असू द्या. तुम्हाला काय सोडावं लागतंय ते त्यांना दिसलंच पाहिजे.

दुसरं घराचं. अमेरिकेत राहतं घर विकल्यावर नवरा-बायकोला मिळून ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर कर लागत नाही. त्यासाठी विक्रीआधीच्या ५ वर्षांपैकी २ वर्षं तुम्ही तिथे राहिलेले असायला हवं. याचा अर्थ असा की घर आज भाड्याने दिलंत, तरी सुमारे तीन वर्षं ही सवलत हातातून जात नाही. भाड्याच्या काळातल्या घसाऱ्यावर थोडा कर बसेल, तो हिशेब तुमच्या सीपीएकडून, म्हणजे तिथल्या हिशेबनीसाकडून, करून घ्या. आमच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही, आणि खरं तर आम्हीही कुणाला विचारलं नाही. घर विकलं. पाच महिन्यांनी माझं मन फिरलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून मी विचार करायचे, की आता परत जायचं तर कुठे? परतायला घर नसल्यामुळे मी राहिले, आवडल्यामुळे नव्हे. आवड नंतर आली. ती दोन वर्षं फार वाईट होती, आणि माझे यजमान त्या काळात माझ्याकडे बघून स्वतःला अपराधी समजत राहिले. त्यांच्या वाट्याला आधीच थोडे दिवस होते, त्यातले ते दिवस असे गेले. तुम्ही दोघांनी हे करू नका.

आहिहिकमध्ये परदेशी माणसाला घर स्वतःच्या नावावर घेता येतं. समुद्रकिनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावं लागतं, हे गाव त्या पट्ट्याबाहेर आहे. व्यवहार नोतारियोसमोर होतो. नोतारियो म्हणजे सरकारने नेमलेला अनुभवी वकील, आपल्याकडचा शिक्का मारणारा नोटरी नव्हे. एहिदोची जमीन, म्हणजे क्रांतीनंतर गावकऱ्यांना सामाईक दिलेली जमीन, कुणी स्वस्तात दाखवली तर तिथून निघून या. पण हे सगळं नंतर. पहिलं वर्ष भाड्याचं घर, आणि त्यावर वाद नको.

तब्येतीबद्दल थोडक्यात. मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ६५ नंतरचा सरकारी आरोग्यविमा, काही मोजके अपवाद सोडले तर अमेरिकेबाहेर चालत नाही. तुम्ही ६५ च्या होताय, तेव्हा वाढदिवसाच्या महिन्याच्या तीन महिने आधीपासून तीन महिने नंतरपर्यंत नाव नोंदवायची मुदत असते. ‘तिकडेच राहायचंय तर पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा, हप्ता भरून घ्यायचा भाग) कशाला’ असं म्हणून ती चुकवू नका. उशिरा घेतलात तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि तो वाढलेलाच राहतो. मेक्सिकोत ६८ व्या वर्षी, स्टेंट असताना, नवा खाजगी विमा मिळणं अवघड. मिळाला तरी हृदय त्यातून वगळतात. आयएमएसएस या मेक्सिकोच्या सरकारी आरोग्यसेवेत पैसे भरून सामील होता येतं, तिथेही आधीच्या आजारांच्या अटी आहेत. गावात डॉक्टर चांगले आहेत, वेळ देतात, घरीही येतात. पण हृदयाचं मोठं काम निघालं की गुआदालाहारा, म्हणजे रहदारी नसली तर तासाभराचा रस्ता. माझ्या यजमानांना त्या रस्त्याने नेलं. दारात पोचल्यावर आधी अनामत भरायला सांगितलं आणि माझं कार्ड रात्री अडीच वाजता चालेना. शेजारच्या बाईच्या जावयाने स्वतःचं कार्ड पुढे केलं. तो प्लंबर आहे. म्हणून सांगते, तशा वेळेसाठी काही रक्कम इथल्या बँकेत, दोघांच्या नावावर, कायम पडून असू द्या.

त्या शेजारणीबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. तिची-माझी तोवर ‘बुएनोस दियास’च्या पुढे फारशी ओळख नव्हती, माझी स्पॅनिश तेवढीच होती. यजमान गेल्यावर तिने मला विचारलं नाही. संध्याकाळी सात वाजता तिच्या दारात सहा-सात खुर्च्या मांडल्या, गल्लीतल्या बायका आल्या आणि त्यांनी माळ ओढत प्रार्थना म्हटली. असं नऊ संध्याकाळी. इथे माणूस गेल्यावर नऊ दिवस ही प्रार्थना करतात, हे मला नंतर कळलं. माझ्या हातात दालचिनी घातलेल्या कॉफीचा मातीचा पेला देऊन मला मधल्या खुर्चीत बसवायच्या. मला शब्द कळत नव्हते. दहाव्या दिवशी मी घरी भात शिजवून पिंडासारखा पानावर ठेवला, तेव्हा ती येऊन उभी राहिली आणि कावळा येतो का ते माझ्याबरोबर बघत राहिली. इथे कावळे जवळपास नाहीतच. झानाते नावाचा एक काळा, लांब शेपटीचा पक्षी आला. ती म्हणाली, हा चालेल.

दर १ नोव्हेंबरला ती तिच्या माणसांच्या फोटोंबरोबर माझ्या यजमानांचाही फोटो मांडते. भोवती झेंडू. झेंडू मूळचा याच देशाचा. आपण ज्याच्याशिवाय दसरा करत नाही तो झेंडू इथे मेलेल्यांना घरची वाट दाखवायला दारापासून पसरतात. मी बेसनाचे लाडू ठेवते.

हे मी मुद्दाम लिहिलं, कारण तुमच्या पत्रातली खरी भीती मला तिथे दिसली. शनिवारची शाळा, मंडळ, भजनाच्या बायका. ३१ व्या वर्षी तुम्ही गेलात तेव्हा मुलगा झाला, त्याच्या शाळेतून ओळखी झाल्या, मग मंडळ उभं राहिलं. माणसं आपोआप जोडली गेली. ६५ व्या वर्षी तसं होत नाही. स्वतः उठून दार ठोठवावं लागतं, आणि परक्या भाषेत. इथे मराठी मंडळ नाही. गणपती तुम्हाला घरीच, बहुधा दोघांतच बसवावा लागेल. भजनाच्या बायकांची जागा भरून निघेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी भरून निघाली नाही. तिथे दुसरं काही उगवलं.

आणि एक गोष्ट यजमानांच्या लक्षात आली नसेल, तुमच्या आली असेल. या गावात दोन गावं आहेत. एक परदेशी लोकांचं, एक इथल्यांचं. आपण दिसायला इथल्यांसारखे. बाजारात माझ्याशी कुणी इंग्रजी बोलत नाही, थेट स्पॅनिश सुरू होतं. आणि परदेशी लोकांच्या एका संध्याकाळच्या कार्यक्रमात एका वयस्क बाईंनी मला हळूच विचारलं होतं, ‘गुरुवारी घरकामाला येशील का?’ मला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी स्पॅनिशच्या शिकवणीला नाव घातलं. त्या बाईंना काही सिद्ध करून दाखवायला म्हणून नव्हे. मला कळलं होतं की माझी माणसं कुठे असण्याची शक्यता जास्त आहे.

भाषेला घाबरू नका. ज्या ‘त’ आणि ‘द’ला अमेरिकन माणसाची जीभ वर्षानुवर्षं अडखळते, तो आपला दंत्य ‘त’ आणि ‘द’च आहे. ‘र’ आपला आहे. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा फरक इथे ‘तू’ आणि ‘उस्तेद’मध्ये जसाच्या तसा आहे, कुणाला काय म्हणायचं हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही. दुकानात शिरताना आधी नमस्कार-चमत्कार, मग वस्तूचा भाव, ही रीतही आपलीच. कुणी जेवत असेल तर शेजारून जाताना ‘प्रोवेचो’ म्हणायचं. कुठली म्हणून विचारलं तर ‘दे ला इंदिया’. लोक तुम्हाला ‘हिंदू’ म्हणतील, धर्म न विचारता, कारण ‘इंदिओ’ हा शब्द इथे मूळच्या रहिवाशांना हिणवायला वापरला जातो. न्यू जर्सीत असतानाच दोघांनी शिकवणी लावा. तुमचे यजमान सहा महिने ती टिकवतात का, यावरून मला त्यांच्या इच्छेचा अंदाज येईल.

स्वयंपाकाची चिंता करू नका, ती सगळ्यांत सोपी बाजू आहे. पिलोनसियो म्हणजे शंकूच्या आकाराचा गूळ. आलेग्रिया म्हणून जे विकतात ती राजगिऱ्याची चिक्की, उपासाला चालेल अशी. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत प्रत्येक खाणावळीत. चिकू, सीताफळाची भावंडं, पेरू, चिंच. मक्याच्या तोर्तिया तव्यावर फुगतात तेव्हा भाकरी आठवते. शाकाहारी असाल तर एकच लक्षात ठेवा: घोटलेल्या राजम्यात बहुतेक ठिकाणी मांतेका, म्हणजे डुकराची चरबी असते, आणि तांबडा भात पुष्कळदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. विचारून खा. आणि जोडे झटकून घाला, विंचू आहेत.

गावात आपण पाहुणे म्हणून येतो, पण आपल्या येण्याचा भार गावावर पडतो, हेही तुम्हाला माहीत असावं. २०२० मध्ये आहिहिकला ‘पुएब्लो माहिको’ हा सरकारी दर्जा मिळाला, गर्दी वाढली, भाडी चढली. माझ्या गल्लीत जन्मलेली दोन तरुण जोडपी आता पलीकडच्या गावांत राहतात, कारण इथलं भाडं डॉलरच्या हिशेबाने मागतात. यजमानांना ‘स्वस्त’ वाटणारं घर कुणाच्या तरी मुलीच्या आवाक्याबाहेर गेलेलं आहे. याचं माझ्याकडे उत्तर नाही, फक्त काही नियम आहेत, ते मी पाळते. भाव पाडून मागत नाही. कामाच्या बाईला डिसेंबरात आगिनाल्दो वेळेवर देते. तो कायद्याने तिचा हक्क आहे, किमान १५ दिवसांचा पगार, २० डिसेंबरच्या आत. आपल्या दिवाळीच्या पोस्तासारखी ती मर्जीची गोष्ट नाही. आणि गावाला काही परत देता येतं का ते बघते. नील जेम्स नावाच्या अमेरिकन बाई १९४३ मध्ये इथे आल्या, इथेच राहिल्या, मुलांसाठी वाचनालय काढलं, चित्रकला शिकवायची सोय केली, आणि शेवटी आपलं घर आणि बाग १९५५ मध्ये सुरू झालेल्या लेक चपाला सोसायटीला देऊन टाकली. त्या चित्रकलेच्या वर्गात शिकलेली मुलं आज गावातले चित्रकार आहेत. दर शनिवारी मुलांना शिकवणाऱ्या बाईंना हे वाचून काहीतरी सुचेल, म्हणून लिहिलं.

आपल्यातलं उदाहरण हवं तर वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांचं आहे. क्रांतिकारक म्हणून देश सोडलेला हा माणूस मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला, मक्यावर आणि गव्हावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या नामवंत मेक्सिकन चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. तीसेक वर्षं या देशात काढून ते परत गेले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. तुमच्या यजमानांना एक प्रश्न विचारा, भांडणाच्या सुरात नको, चहा घेताना विचारा: तिथल्या एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तुम्ही काय कराल? कागदावर लिहून द्यायला सांगा. ‘तळं बघेन’ एवढ्याने सकाळचे अकरा वाजतात. मी इथे अशी हुशार, कर्तबगार माणसं बघितली आहेत, जी सहाव्या महिन्यात दुपारी दोनपासून ग्लास घेऊन बसू लागली.

मग मी काय करायला सांगते? या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करा. अर्ज चालू असताना दोन-तीन महिन्यांसाठी बाहेर जाता येतं. एप्रिलच्या शेवटी इथे या, पाऊस लागेपर्यंत राहा. पुन्हा नोव्हेंबरात या, जत्रेला. डोंगरावरच्या फाटकबंद वसाहतीत घर घेऊ नका, चौकाजवळच्या गल्लीत घ्या. दगडगोट्यांचे रस्ते आहेत, तुमचे गुडघे काय म्हणतात तेही कळेल. नागरिकत्वाची शपथ झाल्यावर, न्यू जर्सीचं घर भाड्याने देऊन, एक पूर्ण वर्ष. त्या वर्षासाठी मेक्सिकोचा तात्पुरत्या निवासाचा व्हिसा अमेरिकेतल्याच वकिलातीतून घ्यावा लागेल. यजमानांनी पेन्शन दाखवून व्हिसा घेतला आणि त्यावर तुम्हाला बायको म्हणून घ्यायचं, तर लग्नाचा दाखला लागतो, अपोस्टील केलेला, म्हणजे परदेशात चालण्यासाठी सरकारने प्रमाणित केलेला, आणि स्पॅनिश भाषांतरासह. आपल्या पिढीत किती तरी लग्नं कार्यालयात थाटात झाली आणि नोंदणी राहूनच गेली. तुमची झाली आहे का ते भावाला आजच विचारा, डोंबिवलीतून ते कागद काढायला महिने जातात. इथे आल्यावर दोघांनी इथलं मृत्युपत्र करा. सप्टेंबरात नोतारियो ते कमी पैशांत करतात. आम्ही ‘पुढच्या सप्टेंबरात’ म्हणत राहिलो आणि ते मला फार महागात पडलं.

वर्ष संपल्यावर तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर ते ‘नाही’ असेल, हे निघण्याआधी यजमानांकडून कबूल करून घ्या. त्यांना हे पत्र वाचायला दिलंत तरी चालेल.

आईचं राहिलं. मेक्सिकोने २०२२ पासून उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करणं बंद केलं, त्यामुळे इथलं आणि भारताचं अंतर बारा महिने साडेअकरा तासांचं. इथे रात्रीचे आठ वाजले की डोंबिवलीत सकाळचे साडेसात, आईचा चहा झालेला असतो. माझी आई होती तोवर मी रोज त्या वेळेला फोन करायचे. आधी टेक्सासातून करत असे त्यापेक्षा इथून जास्त बोलणं झालं, कारण इथे संध्याकाळी मला दुसरं काही नसायचं.

एप्रिलमध्ये आलात तर कळवा. बुधवारी गावात आठवड्याचा बाजार भरतो, मी नेईन तुम्हाला. येताना गोडा मसाला आणि कोकम तेवढं आणा, बाकी सगळं इथे मिळतं.